कारण : ऊन लागून

१८ एप्रिल २०२१, रविवार

पोलीस पाटलाला ठाण्यासाठी एक वही ठेवावी लागते. गावात कोण आले, कोण गेले, कुणाचे भांडण झाले, हे तीत लिहायचे. ती वही साहेब कधीही उघडू शकतो, म्हणून तिच्यात वाचण्यासारखे काही नसते. ही दुसरी वही माझी स्वतःची आहे. हिच्यात खरे लिहायचे असे मी ठरवले आहे आणि बहुतेक वेळा लिहितोही. माझ्या बायकोला, कुंताला, वाटते, दुपारभर मी ठाण्याचेच काम करतो.

काल ब्रह्मपुरीहून भाचीचे लग्न आटोपून आलो. पंचवीस माणसांची परवानगी होती. पंचवीस तर नुसते वाढायलाच होते. येताना आलापल्लीच्या नाक्यावर गाडी अडवून सगळ्यांच्या नाकात काडी घातली. डोळ्यांत पाणी आले. नाव, वय, मोबाइल नंबर लिहून घेतला, गाव कुणी विचारले नाही, आणि जा म्हणाले. आज घसा खरखरतो. लग्नातले आइस्क्रीम नडले असणार.

२१ एप्रिल

अंग दुखते. ताप आहे, पण फार नाही.

सकाळी मोबाइलवर मेसेज आला. वाचला. असे मेसेज आजकाल कितीतरी लोकांना येतात, मशीनही चुकते म्हणे. कुंताला सांगून तिचा जीव टांगणीला कशाला लावायचा? आणि गावात कळले तर घरासमोर आडवे बांबू बांधावे लागतील. ते बांधायचे काम पोलीस पाटलाचे, म्हणजे माझे घर मीच बंद करायचे.

धनराजला निरोप पाठवला, कवेलू फेरायला ये, म्हणजे छपराची कौले काढून पुन्हा रचायला. मागच्या साली मी त्याच्या छपराचे फेरले, यंदा तो माझ्या घरचे फेरणार, हे आमचे लहानपणापासूनचे आहे. पावसाआधी ते झालेच पाहिजे. मला शिडीवर चढवत नाही म्हणून तर त्याची गरज.

२३ एप्रिल

कवेलू झाले. मी खालून द्यायचो, धनराज वर रचायचा. मधेमधे सावलीत बसून दोघांनी एकाच पन्नीतला खर्रा खाल्ला. त्याचा संपला होता, सुपारी-तंबाखू घोटायचा त्याला आळस. म्हणाला, "पाटील, तुमचा आवाज कसा बसून राह्यला?" मी म्हटले, "सर्दी आहे बाप्पा." तो हसला अन् म्हणाला, "लग्नात गानं गायले असान." दुपारी एकाच चटईवर जेवलो. कुंताने कोंबडीचा रस्सा केला होता.

ताप उतरला. चव मात्र लागत नाही.

५ मे

उद्यापासून तेंदूपत्ता, विडीची पाने तोडायची. गावातले प्रत्येक घर पहाटे जंगलात जाईल. बारा-तेरा दिवसांत जे मिळते त्यावर धानाचे बी, पोरांचे कपडे, पावसाळ्याचे तेल-मीठ निघते. म्हणून सगळे एकच गोष्ट बोलतात, गावात पेशंट निघाला नाही म्हणजे झाले. निघाला तर गाव सील, आणि पाने झाडावरच राहतील.

धनराजला तीन दिवसांपासून ताप आहे. ज्योत्स्ना गेली होती, आमच्या गावची आशा सेविका. तिने त्याच्या बोटाला मशीन लावली तर ऑक्सिजन एक्क्याऐंशी आले. ती माझ्याकडे पळत आली. "पाटीलभाऊ, त्याले आजच दवाखान्यात न्याव लागते. गाडी सांगा."

श्रावण इथेच बसला होता. ग्रामसभेच्या तेंदू समितीचा तो अध्यक्ष. तो म्हणाला, "दोन दिवस थांब ना बाई. ऊन लागलं असन. गाडी आली का गाव बंद." ज्योत्स्ना माझ्याकडे पाहत राहिली. मीही थांब म्हटले. धनराजला स्वतःलाही जायचे नव्हते. तिथे गेलेला परत येत नाही, असे तो बायकोला, कमळाबाईला, म्हणाला म्हणे. मी जबरदस्ती कुणावर करायची?

८ मे

धनराज दुपारी बाराला गेला.

माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा होता.

बैठक समाजमंदिराच्या ओट्यावर झाली. लांब लांब बसलो, तोंडाला दुपट्टे. श्रावण म्हणाला, ऊन लागून गेला असे लिहायचे. पारा पंचेचाळीसवर आहे, कोणी शंका घेणार नाही. कुणीच नाही म्हटले नाही. कमळाबाईला विचारायला दोघे गेले. ती काही बोलली नाही. गप्प आहे म्हणजे हो, असे धरले.

खांदा द्यायला माणसे पुढे येत नव्हती. मी सगळ्यांच्या आधी उठलो. कुंता मागून दुपट्टा ओढत होती. मला भीती वाटली नाही.

१० मे

ग्रामसेवकाचा फोन आला. तो लॉकडाऊनमुळे त्याच्या गावी अडकला आहे. "पाटील, मृत्यूची नोंद करायची आहे. कारण काय टाकू?"

"ऊन लागून."

"बरं," म्हणाला. अर्धे मिनिटही लागले नाही.

१४ मे

पीएम किसानचे दोन हजार सगळ्यांच्या खात्यात पडले. धनराजच्याही. निकेश, जो आमच्या गावात सेवा केंद्र चालवतो, त्याने यादी दाखवली. सहा दिवसांआधी गेलेल्या माणसाचे नाव माझ्या नावाच्या लगेच खाली होते.

२० मे

तेंदू संपला. यंदा पाने चांगली निघाली. कुंताने आणि मी मिळून मागच्या सालापेक्षा जास्त तोडली. कमळाबाई एकही दिवस आली नाही. सुतकात होती.

१६ जानेवारी २०२२, रविवार

सात-आठ महिने वही उघडली नाही. उघडावीशी वाटली नाही.

आज कमळाबाई आली. अंगणात उभी राहिली, बसली नाही.

"पाटीलभाऊ, कोरोनानं गेलेल्याच्या घरच्याले सरकार पन्नास हजार देऊन राह्यलं म्हनते. निकेशनं सांगतलं."

"हो, मीही ऐकलं."

"मंग आमाले काऊन नाई?"

मी सांगितले, दाखल्यावर कारण ऊन लागून असे आहे. ती म्हणाली, "ते मी नाई लिवलं."

मग तिने तिचे गणित सांगितले. धनराज गेल्यावर बैलजोडी विकावी लागली, पोटाला आणि तेराव्याला. जोडी नाही म्हणून तीन एकर धानाच्या बांध्या श्रावणला ठेक्याने दिल्या. तो जी पोती देतो ती पाडव्यापर्यंत पुरत नाहीत. म्हणाली, "पन्नासात एक जोडी येते. वावर माह्या हातात वापस येते. मले दुसरं काई नाई पायजे." एवढे बोलून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

कुंता म्हणाली, "करून टाका ना तिचं काम. तुमाले काय लागते, एक कागद तं लिवाचा हाये." तिला वाटते कागद म्हणजे कागद.

४ फेब्रुवारी

निकेशने कमळाबाईचा अर्ज भरला आणि आठ दिवसांत नामंजूर झाला. कारण, मृत्यू कोविडने झाल्याचा पुरावा नाही. निकेश मोकळ्या तोंडाचा. म्हणाला, "पाटीलभाऊ, तवाच साप चावला लिवलं असतं तं शेतकरी अपघात विम्याचे दोन लाख भेटले असते. तुमी लोकं खोटंही धड लिवत नाई."

मला हसू आले नाही. वरून तिला एक कागद आला आहे. मयत शेतकऱ्याच्या खात्यात आलेले किसानचे दोन हजार परत करा. धनराज मेला हे सरकारला बरोबर समजले, पण कशाने ते समजले नाही. त्याला सरकार काय करणार, मीच तर सांगितले.

६ मार्च

वर दाद मागता येते असे निकेशने शोधून काढले. गडचिरोलीला समिती आहे, तिच्यात डॉक्टर असतात. गावातल्या जबाबदार माणसाचा जबाब आणि त्या वेळच्या आजाराची काही नोंद दाखवली तर विचार करतात.

हे श्रावणच्या कानावर गेले. संध्याकाळी येऊन बसला. "पाटील, तुमी खोटी माहिती दिली हे तुमीच लिवून देनार? पद जाईन तुमचं. अना गुन्हा लागला तं साऱ्या बैठकीवर लागन."

मी म्हटले, "बाईचं वावर अडकून आहे."

"वावर कुठी पळून राह्यलं? मी पेरतो ना."

त्याने बरोबर तेच सांगितले जे त्याच्या सोयीचे. पण पदाचे तो बोलला ते मलाही लागले. एकवीस वर्षे झाली. पोलीस पाटील नसलेला वामनराव कसा असतो, हे मला ठाऊक नाही. भाऊबंदांत धानाच्या चार बांध्या असलेला एक माणूस, आणखी काय.

७ मार्च

झोप नीट नाही. दिवसभर डोके जड होते. जबाब लिहायला घेतला आणि दोनदा फाडला. एकदा "गावाच्या हितासाठी" लिहिले, एकदा "नजरचुकीने" लिहिले. दोन्ही वाचून माझाच मला राग आला.

१९ मार्च

ज्योत्स्ना आली. पिशवीतून एक शाळकरी वही काढली. त्यात त्या चार दिवसांचे आकडे लिहिलेले. एक्क्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, सत्तर, शेवटच्या सकाळी बासष्ट. पुढे वेळ आणि तिची सही.

मी विचारले, "हे तेव्हा का नाही दाखवलं?"

"कोनाले दाखवू? तुमीच तं थांब म्हटलं." मग जरा नरमली. "मी जाते साक्षीले, पाटीलभाऊ. माही नोकरी गेली तं गेली, अशीबी ते कुठी धड पैसे देऊन राह्यले. तुमी आले तं बरं, नाई आले तं मी अना कमळाबाई जातो."

ती माझ्या मुलीच्या वयाची. तिच्यासमोर मी मान वर करून बोलू शकलो नाही, हे इथे लिहून ठेवतो. येतो म्हणून सांगितले.

५ एप्रिल

गडचिरोलीला जाऊन आलो. एसटीचा संप अजून सुटला नाही, जीपमध्ये चौदा माणसे. आलापल्लीपर्यंत सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे रांगत गेलो, तोंडात लाल धूळ. कमळाबाई माझ्या शेजारीच होती. सोबत भाकरी आणली होती, त्यातली अर्धी तिने मला दिली. म्हणाली, "तुमी येऊन राह्यले, लई मोठं काम केलं भाऊ. ते असते तं तुमचे पाय धरले असते." मी ती रुमालात गुंडाळून ठेवली.

समितीसमोर मी जबाब दिला. सगळा. बैठक, श्रावण, ग्रामसेवकाचा फोन. ज्योत्स्नाने वही दाखवली. डॉक्टर चांगला माणूस होता, आकडे दोनदा वाचले. मग म्हणाला, "हे कोविडसारखंच दिसतं. पण नुसत्या आकड्यांवर मला लिहिता येत नाही. तुमच्या गावात त्या दोन महिन्यांत एकही पॉझिटिव्ह नोंदलेला नाही. हा माणूस गावाबाहेर गेला होता?"

कमळाबाई म्हणाली, "नाई साहेब. ते कुठीच नाई गेले. घर अना जंगल."

"मग त्याला आला कुठून? एक तरी नोंद पाहिजे."

बाबूने फाइलची दोरी बांधायला घेतली. ज्योत्स्ना रडायच्या बेतात आली होती. मी खिशातून मोबाइल काढला. बारा महिने होत आले, मेसेज पुसायचा राहून गेला होता. राहून गेला असे मी म्हणतो. तो मी कितीदा उघडून पाहिला, हे मलाच माहीत.

डॉक्टरने मोठ्याने वाचले. माझे नाव, वय, चाचणीचा नंबर, पॉझिटिव्ह, एकवीस एप्रिल. मग विचारले, "यानंतर मयत तुमच्या संपर्कात आला होता?"

"दोन दिवस माझ्या घरी कवेलू फेरत होता."

डॉक्टरने ते लिहून घेतले. मग तो चष्मा पुसत म्हणाला, "होईल काम." कमळाबाईकडे मी पाहिले नाही.

परतीच्या जीपमध्ये ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली. गावच्या फाट्यावर उतरल्यावर ती थांबली. ज्योत्स्ना पुढे निघून गेली.

"त्या दिसी बोलवनं तुमीच धाडलं होतं ना?"

"हो."

"मेसेज आल्यावर?"

"हो."

ती पदर सारखा करून चालू लागली. पावसाआधी कवेलू करावेच लागतात, मी तोंडावर दुपट्टा बांधायला हवा होता, मला तेव्हा इतके काही वाटले नव्हते, हे सगळे मला सांगायचे होते. बरे झाले ती ऐकायला थांबली नाही.

६ एप्रिल

कुंताला सांगितले. मला वाटले ओरडेल. ती चुलीपुढे बसून राहिली, भात करपल्याचा वास आला तरी उठली नाही.

"मले तं सांगाचं होतं," म्हणाली. "मी दारात उभी राहून त्याले वापस धाडलं असतं. वर भाऊजीले रस्सा वाढला मी. अजून घे म्हनून वाढला."



२ मे

प्रांत ऑफिसातून कागद आला. खोटी माहिती दिल्याबद्दल खुलासा करा, तोवर पोलीस पाटलाचे काम शेजारच्या गावच्या पाटलाकडे. ठाण्याची वही आणि शिक्का नेऊन दिला. शिपायाने पावतीही दिली नाही. खुलाशात काय लिहिणार, जे लिहायचे ते समितीला लिहून दिले.

श्रावण रस्त्यात भेटला तर तोंड फिरवतो. तेंदूची फडी, पाने मोजून घेण्याची जागा, परवा सुरू होते. मला बोलावणे आले नाही. कुंता एकटी जाते म्हणाली.

३० मे

कमळाबाईच्या खात्यात पन्नास हजार जमा झाले. निकेश सांगायला आला. म्हणाला, केंद्रात ती मशीनसमोर उभी राहिली, अंगठा लावला, आकडा ऐकला आणि तिथेच खाली बसली. "खुशीनं बसली का कायनं, समजलं नाई." मला समजले असे वाटले.

९ जून

कमळाबाईने बाजारातून जोडी आणली. दोन्ही पांढरे, एक शिंगाला जरा वाकडा. नवे बैल आणले की घरोघरच्या बाया पायावर पाणी टाकतात, कुंकू लावतात. जोडी आमच्या गल्लीत आली तेव्हा कुंता तांब्या घेऊन आधीच दारात उभी होती. कमळाबाई थांबली, कुंताला पाणी टाकू दिले, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी आतल्या खोलीत होतो.

ठेका सुटल्याने श्रावणचा जळफळाट चालू आहे.

१९ जून २०२२, रविवार

पाऊस चांगला झाला. सगळ्यांच्या बांध्यांत नांगर चालू आहे. कमळाबाईची जोडी मात्र दोन दिवस दावणीलाच. तिचा भाऊ मंगरू भामरागडकडून येणार होता, तिकडे नाल्याला पाणी आले आणि तो अडकला. आमच्याकडे बाई नांगराला हात लावत नाही. लावला तर पाऊस रुसतो म्हणतात, म्हणून कोणी लावत नाही. आणि गावातल्या माणसांना ती विचारायला गेली तर प्रत्येकाला आजच काम निघते. श्रावणने कुणाला काय सांगितले, ते सांगायची गरज नाही.

आज सकाळी ती बैल घेऊन बांधीवर गेल्याचे दिसले. मी मागे गेलो. तिने बैल जुंपले होते आणि नांगराजवळ नुसती उभी होती. दोन धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, पलीकडे चार-पाच जण आपले काम थांबवून पाहत होते.

मी धुऱ्यावरून हाक मारली, "कमळाबाई, दे इकडे. मी धरतो. तीन दिवसांत काढून देतो सगळं." चपला काढल्या, धोतर खोचले आणि चिखलात पाय टाकला.

"तिकडंच राहा."

ती रागाने बोलली नाही. शाळेतली बाई मुलांना सांगते तशी बोलली.

"अवं, बाईनं—"

"तिकडंच राहा, भाऊ. धुऱ्याच्या तिकडं. जवळ येऊ नोका."

मी पाय मागे घेतला. तिने पदर कमरेला बांधला, मूठ धरली आणि बैलांना हाकारले. नांगराचे पहिले तास तिरपे गेले. दुसरे त्याहून तिरपे. मूठ दाबायची कशी, वळणावर फाळ उचलायचा कसा, हे मला ओरडून सांगता आले असते. पलीकडचे लोक हसायचे विसरून पाहत होते.

धनराजला मी त्या सकाळी दारातून एवढेच म्हणायला हवे होते, तिकडंच राहा. त्याला वाईट वाटले नसते. तो हसला असता, शिव्या दिल्या असत्या आणि घरी गेला असता. मी त्याला मारले, हे मी आज पहिल्यांदा लिहितो.

पहिली बांधी पूर्ण व्हायला दुपार झाली. तोवर मी धुऱ्याच्या तिकडेच उभा होतो.